पांढरा राहिलेला कंद

माझ्या धाकट्या आत्याला घरात सगळे शेंडेफळ म्हणतात. शेंडेफळाचं वय त्रेपन्न. तिचा एक गुडघा कुरकुरतो, जवळचं बघायला एक चष्मा लागतो आणि लांबचं बघायला दुसरा, आणि आजोबांची लाँड्री गेली अठरा वर्षं ती एकटीच्या जिवावर चालवते. तरी मोठी आत्या तिच्याशी बोलताना जो आवाज लावते, तो बालवाडीतल्या मुलाला नाक पुसायला शिकवतानाचा. मोठी आत्या मुख्याध्यापिका होती. ती निवृत्त झाली, आवाज झाला नाही. ती बोलत नाही, निकाल लावते. चहा. अर्धा. साखर नको. पुढचा विषय.

शेंडेफळाचं उलट. ती एक वाक्य बोलते आणि उरलेलं समोरच्यावर सोडते. काउंटरवर कपडा आला की तो उजेडाकडे धरते, नाकाशी नेते आणि विचारते, डाग कशाचा. गिऱ्हाईक म्हणतं, चहाचा. ती म्हणते, चहा असा पसरत नाही हो. आणि मग गप्प, हातात कपडा तसाच. तिच्या त्या गप्प बसण्यापुढे भलेभले विरघळतात. एका जाडजूड वकिलांनी दोन मिनिटांत कबूल केलं होतं की डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना ते अंथरुणात बसून बरणीतून जॅम खातात, आणि हे कृपा करून बायकोला कळू देऊ नका. शेंडेफळ म्हणाली, मी कपडे धुते, निरोप पोचवत नाही.

दुकान अरुंद आणि बोगद्यासारखं लांब. पुढे काउंटर, मग धुण्याची दोन मशिनं, मग चादरी दाबून काढायचा गरम रोलर, आणि त्याला लागून लांबलचक टेबल. अगदी मागच्या भिंतीला लाकडी पेटी, माणूस आडवा झोपेल एवढी. तयार चादरींचे गठ्ठे तिच्यात जातात. एका नर्सिंग होमचं आणि दोन गेस्ट हाउसचं काम तिच्याकडे आहे. चादरीचं दुसरं टोक धरायला घडीकाका. वीस वर्षं ते आणि शेंडेफळ समोरासमोर उभे राहून घड्या घालतायत, आणि त्यांचं निम्मं भांडण चादरीतूनच होतं. तिनं जोरात हिसका दिला की काका म्हणतात, अहो, चादर आहे, मी नाही.

आता तिच्या खाण्याची गोष्ट, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

माझी आजी, म्हणजे या तिघांची आई, गेली तेव्हा मोठी आत्या चौदा वर्षांची, माझे बाबा दहाचे आणि शेंडेफळ सहाचं. रविवारी सगळे जेवायला जमलो की आईच्या गोष्टी निघतात. आई एकदा धुण्याच्या टाकीत कशी पडली. आई इस्त्रीवर थेंब टाकून ती किती तापलीय ते कशी ओळखायची. आईनं उधारीवाल्याला कसं वाटेला लावलं. बाबा सुरुवात करतात, मोठी आत्या तारखा दुरुस्त करते. शेंडेफळ ऐकत बसते, दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघत असल्यासारखी. तिच्याजवळ सांगायला एकच गोष्ट होती. वाटीत काहीतरी मऊ, गोड, गरम. आई त्यावर फुंकर मारतेय. आणि त्याला इस्त्रीचा वास.

"असं काही नव्हतं," मोठी आत्या म्हणायची.

बाबा ताटाकडे बघत म्हणायचे, शेजारच्या कुणी दिलं असेल गं तुला. इस्त्रीचा वास येणारा पदार्थ कुठे असतो का. मग सगळे हसायचे. मीही हसले आहे. शेंडेफळही हसायचं, पण ताट उचलून ती आत गेली की बराच वेळ नळ चालू असायचा. एकदा मी मागोमाग गेले, तर ती धुतलेलंच ताट धूत होती. मला म्हणाली, यांच्याकडे आईचं गाडीभर सामान आहे, माझ्याकडे एकच वाटी, आणि तीही म्हणे शेजाऱ्यांची.

तर गेल्या थंडीत आमच्याकडे शाळेच्या मैदानावर रविवारी सकाळी शेतकऱ्यांचा बाजार भरायला लागला. शेंडेफळाला टोमॅटो हवे होते. तिथे एक टोपीवाले गृहस्थ प्रत्येक शेतकऱ्यापुढे थांबून विचारत होते, फवारणी केलीय का. नाही म्हटलं की विचारायचे, अजिबात? अजिबात नाही म्हटलं की संशयानं मान हलवून पुढच्याकडे. एक बाई गाजरांचे फोटो काढत होत्या आणि गाजरांना हात लावत नव्हत्या. शेवटच्या टेबलामागे सर्दी झालेल्या एक शेतकरीण बाई होत्या. त्यांच्यापुढे मातकट, गाठी-गाठींच्या कंदांचा ढीग होता. आल्यासारखा दिसणारा, पण आलं नव्हे.

शेंडेफळानं एक उचलला. त्याला खाली दोन फाटे होते आणि बाजूला हातासारखी एक गाठ. ती त्याच्याकडे बघत राहिली, म्हणून मला वाटलं आता याला डाग कशाचा ते विचारणार.

"ह्याला मी कपडे घालायचे," ती म्हणाली.

कुणाला, मी विचारलं. तर म्हणे, ह्याला. फाटक्या चादरीची चिंधी गुंडाळायचे, पाय बाहेर ठेवून. आई ढिगातून पायवाला शोधून द्यायची. हे सांगताना तिलाच ते नवं होतं. तिनं कंद उलटा केला, सुलटा केला, नखानं साल खरवडून वास घेतला आणि तिथेच टेबलाच्या कडेला टेकली.

शेतकरीण बाई नाकातून म्हणाल्या की ताई, पिवळी फुलं येतात ना उंच, सूर्यफुलासारखी पण बारकी, त्याच्या मुळाशी असतो हा. पूर्वी ओढ्याच्या, गटाराच्या कडेला आपोआप वाढायचा, कुणी विचारायचं नाही, आता लोक बाजारात घेतात. उकडा आणि खा. आणि एक आधीच सांगून ठेवते, काहींना पोटात वारा धरतो, मग माझ्या नावानं ओरडू नका.

शेंडेफळाच्या डोक्यात लगेच गटार आलं. लाँड्रीच्या मागे साबणाच्या पाण्याचा चर वाहायचा आणि त्याच्या काठाला पिवळ्या फुलांची भिंत असायची, हे बाबांच्याच एका गोष्टीत होतं. त्या चरावर कधीच सिमेंट पडलं. टोमॅटो राहिले. आम्ही दोन किलो कंद घेऊन आलो.

त्या रविवारी तिनं ते उकडले. सोलून, कांदा परतून, मीठ-मिरी घालून वाटीत घेतले. चव आत्मविश्वास गेलेल्या बटाट्याची. तिनं तीन घास खाल्ले आणि वाटी बाजूला सरकवली. बुधवारी कुकरमध्ये. त्याची खळ झाली. कॉलरला लावता आली असती. पुढच्या रविवारी तव्यावर, लोणी घालून, मंद आचेवर अर्धा तास. शेतकरीण बाईंचा इशारा खरा ठरत होता आणि घडीकाकांनी दुकानाचं मागचं दार उघडं ठेवायला सुरुवात केली होती, पण शेंडेफळ ऐकेना. ती म्हणाली, वस्तू हीच आहे. मला वस्तू ओळखता येते. कशानं तरी बिघडतंय.

तव्यावरचे तिनं डब्यात भरून आमच्या घरी आणले. बाबा विमा कंपनीत आहेत, सावध माणूस, फोनवर स्वतःच्या वाढदिवसाची तारीखसुद्धा विचार करून सांगतात. त्यांनी डबा उघडला, एक तुकडा चमच्यावर घेतला, दिव्याखाली धरला आणि सहज म्हणाले, "पांढरं कसं राहिलं हे?"

शेंडेफळ मऊ म्हणायची, गोड म्हणायची, इस्त्रीचा वास म्हणायची. रंग तिनं आयुष्यात कधी सांगितला नव्हता, कारण तिला तो आठवतच नव्हता.

तिनं बाबांकडे बघितलं आणि गप्प बसली. वकिलांच्या वेळचंच ते गप्प बसणं. बाबांनी चमचा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पाणी प्यायले. मग म्हणाले की ताईला विचार. मी अण्णांना शब्द दिला होता, मी दहा वर्षांचा होतो, मला काही विचारू नकोस. अण्णा म्हणजे आजोबा. त्यांना जाऊनही अठरा वर्षं झाली होती.

तिनं डब्याचं झाकण लावलं. दारात चपला घालताना एवढंच म्हणाली, म्हणजे शेजारच्या कुणी दिलं नव्हतं. बाबा जेवायला बसले आणि तसेच उठले.

मला वाटलं होतं ती थेट मोठ्या आत्याकडे जाऊन उभी राहील. गेली नाही. म्हणाली, तिथे गेले तर ती पुन्हा म्हणेल असं काही नव्हतं, आणि माझ्या हातात पांढरे तुकडे असतील. आधी ते जसं होतं तसं करते, मग वाटी पुढे ठेवते, मग म्हणू दे नव्हतं.

उत्तर तिला कामातच सापडलं. एका दुपारी नर्सिंग होमचा माणूस घाईत आला आणि म्हणाला, काल धुवायला दिलेल्या चादरींतली एक आत्ताच लागते. शेंडेफळानं पेटीत हात घातला, गठ्ठ्याच्या मधोमध, आणि हात काढून घेतला. सकाळी आठला रोलरवरून उतरलेला गठ्ठा अडीच वाजता आतून चटका बसेल इतका गरम होता. हे तिला अठरा वर्षं माहीत होतं. रोजचं होतं, म्हणून दिसत नव्हतं. चादर देऊन ती पेटीच्या कडेवर बसली आणि घडीकाकांना म्हणाली, काका, खळ शिजवायला शेगडी दिवसभर लागायची ना पूर्वी. काका म्हणाले, लागायची असं ऐकलंय. मग आई स्वयंपाक कशावर करत असेल हो, ती म्हणाली. काका म्हणाले, मला काय माहीत, मी तेव्हा दुसऱ्या लाँड्रीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती पातेलं घेऊनच आली. कांदा लालसर केला, कंद टाकले, पाणी, मीठ, मिरी. एक उकळी येऊन दहा मिनिटं झाली की झाकण लावलं, झाकणावर ओलं फडकं घट्ट बांधलं, भोवती वर्तमानपत्रं गुंडाळली. घडीकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, बाई, नर्सिंग होमच्या चादरी आहेत, पेशंट सुपासकट झोपायचे का. तिनं त्यांना गप्प केलं. कामातून काढलेल्या, विरलेल्या चादरी तिनं वेगळ्या ठेवल्या होत्या. त्याच रोलरवर तापवून पेटीच्या तळाला, बाजूंना आणि वर रचल्या, पातेलं मधोमध. दर तासानं वरच्या चार काढायच्या, रोलरवरून फिरवायच्या, पुन्हा ठेवायच्या. गिऱ्हाइकाची एक चादर त्या पेटीत गेली नाही. काका दिवसभर पेटीकडे अशा नजरेनं बघत होते, जणू आत कुणीतरी आजारी आहे.

आणि तिनं मोठ्या आत्याला फोन केला. पाच वाजता दुकानात ये. कशाला, असं तिकडून आलं. ये म्हटलं ना, असं इकडून गेलं. उभ्या जन्मात शेंडेफळानं ताईला असं उत्तर दिलं नव्हतं, म्हणूनच बहुधा ती पाचला पाच कमी असताना हजर झाली. बाबांनाही घेऊन आली होती. बाबा काउंटरबाहेरच घुटमळले.

मोठी आत्या आत आली, मशिनांपर्यंत पोचली आणि थांबली. पेटी अजून उघडलेली नव्हती, पण वास बाहेर आला होता. भाजलेला कांदा, काहीतरी गोड, मातकट, आणि त्यावर गरम सुती कापडाचा तो कोरडा वास, नुकत्याच इस्त्री केलेल्या गणवेशाचा येतो तो. तिनं पर्स पोटाशी धरली.

"चादरी कुणाच्या आहेत?" ती म्हणाली.

तो आवाज मुख्याध्यापिकेचा नव्हता. मी तिचे सगळे आवाज काढून दाखवू शकते, पण हा माझ्याकडे नव्हता. हा कुठल्यातरी चौदा वर्षांच्या मुलीचा होता.

शेंडेफळ म्हणाली, माझ्याच आहेत, टाकाऊ. मग तिनं गठ्ठे बाजूला केले, पातेलं काढून टेबलावर ठेवलं, फडकं सोडलं. कंद तपकिरी झाले होते, चमच्याच्या धक्क्यानं मोडत होते, आणि रस्सा घट्ट, काकवीच्या रंगाचा. तिनं एका वाटीत काढलं, चव घेतली, आणि चमचा तोंडात तसाच ठेवून उभी राहिली. डोळे मिटले नाहीत, काही नाही. फक्त चमचा बाहेर काढायचा ती विसरली.

मग दुसरी वाटी भरून ताईपुढे ठेवली.

"आता म्हण," ती म्हणाली. "असं काही नव्हतं म्हण."

मोठी आत्या स्टुलावर बसली. तिनं जे सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, आणि एकदाही तारीख न सांगता. शेगडी दिवसभर खळीला लागायची, म्हणून आई पहाटेची एक उकळी घेऊन पातेलं पेटीत ठेवायची, संध्याकाळपर्यंत तयार. कंद मागच्या चरावरचे, फुकटचे. वर्षानुवर्षं चाललं. मग एकदा पातेलं कलंडलं आणि स्टेशनजवळच्या मोठ्या लॉजच्या चादरींत रस्सा झिरपला. आई-अण्णांना कळलं नाही, गठ्ठा तसाच गेला. तिकडे कुणा पाहुण्याच्या पलंगावर ती चादर पसरली गेली. तपकिरी डाग, ताटाएवढा, बरोबर मधोमध. पाहुण्याला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

इथे काउंटरबाहेरून बाबांना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात घालायचा प्रयत्न केला, जमला नाही. मोठ्या आत्यालाही क्षणभर हसू आलं आणि मग तोंड वेडंवाकडं झालं.

लॉजचा मॅनेजर चादर घेऊन दुकानात आला. तुम्ही कपड्यांत अन्न शिजवता अशी तक्रार ऐकलीय, म्हणाला. ते काम गेलं असतं तर दुकान बसलं असतं, सगळं त्या एका लॉजवर चालत होतं. अण्णांनी आधीच बजावलं होतं, कुणीही विचारलं तर असं काही नाही म्हणायचं. मॅनेजरनं मोठ्यांना विचारलंच नाही. खाली वाकून मोठ्या मुलीला विचारलं, कारण मुलं खोटं बोलत नाहीत.

"मी म्हणाले, आमच्या घरी असं काही शिजत नाही," मोठी आत्या म्हणाली. "आई तिथेच उभी होती. ह्या टेबलाशी. मी असं म्हणाले, आणि ती मान खाली घालून घडी घालत राहिली. पुन्हा तिनं ते कधी केलं नाही. आणि चार महिन्यांनी गेलीच."

काम राहिलं. लॉज पुढे बंद पडलं, अण्णा गेले, विचारणारं कुणी उरलं नाही. पण तेच वाक्य तिच्या तोंडात राहिलं. दर वेळी शेंडेफळ वाटीचं बोलायला लागली की ते आपोआप बाहेर पडायचं, आणि एकदा बोललं की मागे घेताना जास्तच जड व्हायचं. बाबा म्हणाले, मलाही सांगावंसं वाटायचं गं. मोठी आत्या म्हणाली, तू गप्प बस, तू फक्त हसायचास.

शेंडेफळ ओरडेल असं मला वाटलं. तिचा आवाज उलट खाली गेला.

"सत्तेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "ताई, मला वाटायचं आई मी मनानं रचलीय."

मोठ्या आत्यानं वाटी ओढून घेतली आणि खायला लागली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, डोळे वाहत होते तरी खात राहिली. तिसऱ्या घासाला म्हणाली, आईचं जरा पातळ असायचं. एरवी असल्या वाक्यावर शेंडेफळ उसळली असती. आता तिनं स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं, किती पातळ. ताईनं चमच्यानं दाखवलं. कांदा आधी की नंतर. आधी, पण काळा होऊ द्यायचा नाही. आई बसायची कुठे. पेटीच्या कडेवर, तुला मांडीत घेऊन. मी किती खायचे. तू? तू वाटी संपवून वाटीच चाटत बसायचीस, सोडायची नाहीस.

"मग ती काय म्हणायची?" शेंडेफळानं विचारलं.

मोठ्या आत्यानं चमचा खाली ठेवला. नाक पुसलं, मान जरा तिरकी केली, आणि एकदम तिच्या तोंडून कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज आला. हलका, भरभर बोलणारा, शेवटाला हसू दाबलेला. मी आजीला कधी बघितलं नाही. पण तिकडे बाबांचा हात काउंटरवरच राहिला.

"पुरे की गं आता. दे ती वाटी इकडे, का वाटीपण खातेस?"

शेंडेफळानं हातातल्या वाटीकडे बघितलं. तळाशी अजून थोडं होतं. तिनं ते बोटानं पुसून खाल्लं, आणि मग वाटी पुढे केली.